बंदुकीच्या प्रश्नावर आजी-आजोबांनी कसे बोलावे

अमेरिकेत मुला-नातवंडांजवळ राहणाऱ्या मराठी आजी-आजोबांपुढे बंदुकीचा विषय कधी ना कधी येतोच. शाळेत गोळीबार झाल्याची बातमी येते, नातू जेवता जेवता चिडून बोलतो, जावई गप्प बसतो आणि समोरच्या घरी शिकारीच्या रायफली आहेत हे सर्वांना ठाऊक असते. पश्चिम पेन्सिल्वेनियात चाळीसहून अधिक वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, अशा वेळी आपल्या वयाचा उपयोग होतो, मात्र तो उपदेशासाठी नाही. आयुष्यात प्रत्यक्ष पाहिलेली एखादी गोष्ट जशीच्या तशी मांडावी आणि तिच्यातून कायद्याकडे न जाता आधी कुलपाकडे, म्हणजे बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याकडे, यावे.

सर्वप्रथम सांगण्यासारखी एकच आठवण निवडावी. माझी आठवण कोकणातल्या घराची आहे. वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक होती आणि ती माजघरात दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली असे. मी नऊ वर्षांचा असताना, घरात कोणी नाही असे पाहून, पाटावर उभा राहून ती उतरवली, धाकट्या चुलतभावावर रोखली आणि चाप ओढला. घोडा खट्‌ करून पडला, पुढे काही झाले नाही. आदल्या रात्री रानडुकरांसाठी भरलेला बार नळीत तसाच होता, हे मला संध्याकाळी मार खाताना कळले. ठिणगी पाडणारी केप घोड्याखाली नव्हती, कारण केपांची डबी वडील नेहमी माळ्यावर, भाताच्या कणगीमागे ठेवत. ही आठवण मी सांगतो तेव्हा तिची अडचणीची बाजूही सांगतो: त्या बंदुकीवाचून आमचे भात डुकरांनी ठेवले नसते आणि बार भरलेली बंदूक भिंतीवर सोडणारे वडील एरवी अतिशय काळजीवाहू होते. अडचणीची बाजू गाळली की आठवणीचे भाषण होते आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळते.

दुसरी गोष्ट, ‘आमच्या भारतात असे नव्हते’ या वाक्याने कधीही सुरुवात करू नये. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक परवान्याने मिळते आणि परवाना सरकार देते. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे, आणि घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. त्याच निकालात हा हक्क अमर्याद नसल्याचेही म्हटले आहे. बोलणे जुळवायचे तर ही दोन्ही वाक्ये एकत्र लक्षात ठेवावीत. आमच्या गावी निवडणूक आली की थोरला भाऊ बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतो आणि पावती घेऊन येतो, हे मी शेजाऱ्याला सांगितले तेव्हा त्याचा चहाचा कप हातातच राहिला. तो निवृत्त पोलाद-कामगार आहे, दर हिवाळ्यात नारिंगी जाकीट घालून हरणाच्या शिकारीला जातो, आणि पूर्वी या भागातल्या पुष्कळ शाळांना हंगामाच्या पहिल्या सोमवारी सुट्टी असे. त्याच्या दृष्टीने बंदूक ही वडिलांकडून आलेली वस्तू आहे. भाऊही बंदूक जमा करताना कुरकुरतोच, कारण डुकरांना आचारसंहिता लागू नसते; हे ऐकल्यावर मात्र शेजारी मोकळेपणाने हसला.

तिसरे काम थोडे अभ्यासाचे आहे. चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात ते स्वयंचलित शस्त्र. चाप ओढण्यागणिक एकच गोळी सुटते ते अर्धस्वयंचलित. एआर-१५ या अर्धस्वयंचलित रायफलीच्या नावातल्या ‘एआर’ या अक्षरांचा उगम आर्मालाइट या कंपनीच्या नावात आहे, हल्ल्याशी त्यांचा संबंध नाही. काही अर्धस्वयंचलित शस्त्रांवर १९९४ मध्ये घातलेली केंद्रीय बंदी २००४ मध्ये मुदत संपून उठली. परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावीच लागते, पण खाजगी विक्रेत्यावर केंद्रीय कायद्याने ती सक्ती नाही; पेन्सिल्वेनियात पिस्तुलाच्या खाजगी विक्रीलाही तपासणी लागते, लांब नळीच्या बंदुकीला साधारणपणे लागत नाही. एक शब्द चुकला तरी बंदूक बाळगणारा माणूस पुढचे ऐकणे थांबवतो. गाडीच्या ब्रेकला क्लच म्हणणाऱ्याकडून रस्तासुरक्षा आपणही ऐकून घेणार नाही.

मग प्रत्यक्ष प्रश्न विचारावा, आणि माझ्या अनुभवात याच टप्प्यावर बहुतेकांची जीभ अडखळते. नात खेळायला दुसऱ्याच्या घरी जाणार असेल, तर शेंगदाण्याची ॲलर्जी, कुत्रा, पोहण्याचा तलाव यांची चौकशी होतेच. तिच्यातच हा प्रश्न घालावा. आधी आपल्या घराचे सांगावे: ‘आमच्याकडे बंदूक नाही, पण माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मी कुलपात ठेवतो, कारण तुमची मुलगीही येथे येते. तुमच्याकडे बंदूक असेल तर ती कुलपात आणि रिकामी असते ना?’ बंदूक आहे का, असे नुसते विचारले तर झडतीसारखे वाटते. कशी ठेवता, असे विचारले तर दोन पालकांमधला व्यवहार होतो. परवानाधारक विक्रेत्याने पिस्तुलाबरोबर कुलपाची सोय दिलीच पाहिजे, असा केंद्रीय कायदा २००५ पासून आहे, आणि बंदूक उद्योगाची व्यापारी संघटनाच पोलिसांमार्फत केबलची कुलपे फुकट वाटते. कुलूप हा एका पक्षाचा मुद्दा नाही, हे त्यावरून सांगता येते.

आत्महत्येचा विषय काढण्यास आपण कचरतो, परंतु सहमतीची सर्वांत रुंद जागा तिथेच आहे. अमेरिकेत २०२२ साली बंदुकीने ४८,२०४ मृत्यू झाले आणि त्यांतील २७,०३२ आत्महत्या होत्या. न्यू हॅम्पशायर राज्यात २००९ मध्ये एका आठवड्याच्या आत तीन जणांनी एकाच दुकानातून बंदुका घेऊन जीव दिला. त्यानंतर दुकानदार आणि आरोग्य कार्यकर्ते एकत्र बसले, आणि निराश गिऱ्हाईक कसे ओळखावे, अवघड काळात बंदूक घराबाहेर कोठे ठेवावी, याची पत्रके बंदुकीच्या दुकानांतच लागली. हे उदाहरण मी पुष्कळदा सांगतो, कारण त्यात कोणालाही आपली बाजू सोडावी लागली नाही.

नातवाशी बोलताना मात्र क्रम उलटा ठेवावा, आधी ऐकावे. ‘आजोबा, तुम्ही बंदूकवाल्यांच्या बाजूचे आहात का?’ असे सोळा वर्षांच्या नातवाने मला विचारले, तेव्हा मी केपांच्या डबीची गोष्ट सुरू केली आणि त्याने ती अर्ध्यावर तोडली. दुसरीत असताना, शाळेत गोळीबार झालाच तर म्हणून, दिवे बंद करून, बाकाखाली, तोंडावर हात ठेवून बसण्याचा सराव त्याने केला होता. असला सराव मला कधी करावा लागला नाही, आणि जिथे आपला अनुभव संपतो तिथे तसे कबूल करून थांबावे. त्यानंतर मी त्याला एवढेच दाखवले की टेक्सास राज्यातल्या युव्हाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्यावर, जून २०२२ मध्ये सिनेटने ६५ विरुद्ध ३३ मतांनी कायदा संमत केला, त्यात एरवी बंदुकीवरील निर्बंधांना विरोध करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाची मते १५ होती, आणि २१ वर्षांखालील खरेदीदारांची तपासणी त्या कायद्याने वाढवली. त्याला ते फारच थोडे वाटले. मलाही थोडे वाटते, हे मी लपवले नाही.

घटना घडल्या दिवशी वाद घालू नये. कोणत्या मुद्द्यावर जमणार नाही तेही मोकळेपणी ठरवून टाकावे; रायफलींवरील बंदीबद्दल शेजाऱ्याचे आणि माझे जमत नाही, आणि तो विषय आम्ही काढत नाही.

गेल्या खेपेस मी गावी निघालो, तेव्हा शेजाऱ्याने भावासाठी एक केबलचे कुलूप आणून दिले. ठासणीच्या बंदुकीत ती केबल ओवायची कोठून, हे फोनवरचा फोटो मोठा करून आम्ही दोघांनी बराच वेळ पाहिले आणि शेवटी हात टेकले. गावी ते कुलूप भावाच्या हाती दिले, तर त्याने ते उलटसुलट पाहून गोठ्याच्या फाटकाला लावले. केपांची डबी अजून कणगीमागेच आहे, असे तो म्हणाला. मी माळ्यावर चढून ती पाहून आलो.