दुष्काळ मोजताना या चुका टाळा

"तालुक्यात 96 टक्के पाऊस झालाय, मग दुष्काळ कसला?" घोळ इथूनच सुरू होतो. ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलोऱ्यात असताना तीन आठवडे कोरडे गेले आणि सप्टेंबरअखेर दोन रात्रींत तूट भरून निघाली, तर टक्केवारी सुधारते. शेंगा पोचटच राहतात. केंद्राच्या 2016च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत तुटीच्या जोडीला खंडही धरलाय तो याचसाठी: सलग तीन-चार आठवडे, प्रत्येक आठवड्यात सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस. म्हणून गावाच्या वहीत दर आठवड्याची बेरीज वेगळी लिहा. 2.5 मिमीपेक्षा कमी पडला तर तो पावसाचा दिवस धरू नका.

तालुक्याची सरासरीही गावाला लावू नका. 2023 मध्ये आधी 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, मग हजारावर महसूल मंडळांत (तालुक्याहून लहान, काही गावांचा गट) दुष्काळसदृश स्थिती मान्य करावी लागली.

गावात पर्जन्यमापक असेल तर तो ग्रामपंचायतीच्या भिंतीला खेटून नको. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब बसवा. वाचन रोज सकाळी साडेआठला. मोजपात्र फुटलं की हाताला लागेल ते वापरतात, तिथे फार फसगत होते. 200 चौरस सेंमी तोंडाच्या मापकात 1 मिमी म्हणजे 20 मिली पाणी. 100 चौरस सेंमीच्या मापकाचं मोजपात्र लावलंत तर तेच पाणी 2 मिमी दिसेल, आणि कागदावर तुमच्या गावाचा पाऊस दुप्पट होईल!

विहिरीची पातळी मोटर चालू असताना किंवा नुकतीच बंद केल्यावर घेऊ नका. शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते, त्यामुळे सकाळची विहीरही उपसलेली असू शकते. काही तास उपसा थांबवा, काठावर रंगाची खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा.

धरणाच्या टक्क्यांवरून तर गावाचा दुष्काळ ठरवूच नका. जायकवाडी भरतं ते मुख्यतः नाशिक-नगरकडच्या पावसावर. पैठणला पाऊस नसतानाही ते भरू शकतं. शिवाय बातमीतला "शून्य टक्के" हा उपयुक्त साठ्याचा असतो, मृतसाठा, म्हणजे दारांच्या खाली तळाशी राहणारं पाणी, त्याखाली असतोच.

उपग्रहाच्या नकाशात हिरवं दिसलं तरी शिवारात जाऊन बघा. तो बागायती ऊस असेल, आणि बांधापलीकडची कोरडवाहू तूर करपलेली असेल.