विमान रखडलं किंवा रद्द झालं तर भरपाई कशी मागावी

काउंटरवर गेल्यावर "किती उशीर?" असं सगळेच विचारतात. तुम्ही "कशामुळे?" असंही विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ईमेल, एसएमएस, ॲपवरचा संदेश, काहीही चालेल. पैसे मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा या एका उत्तरावर ठरतं.

मग कोणता नियम लागू होतो ते पाहा. प्रवाशाच्या बाजूने खंबीर उभा राहणारा नियम युरोपियन युनियनचा आहे, क्रमांक २६१/२००४. युनियनमधून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. बाहेरून युनियनमध्ये येणारं विमान असेल, तर कंपनी तिथलीच असावी लागते. तुमचा पासपोर्ट कुठला, हे कुणी पाहत नाही. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो, लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी मुक्कामी पोहोचायला किमान तीन तास उशीर झालेला हवा, किंवा विमान रद्द झाल्याचं प्रवासाला १४ दिवसांहून कमी उरले असताना कळवलेलं हवं. पोहोचल्याची वेळ म्हणजे चाकं टेकली ती नव्हे, विमानाचं दार उघडलं ती. दार उघडताच घड्याळाचा फोटो काढून ठेवा.

भारताच्या नियमांत नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई नाही. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. वेळेत न कळवता विमान रद्द केलं, तर मात्र १०,००० रुपयांपर्यंत भरपाई आहे.

आता कारणाकडे परत येऊ, कारण बहुतेक अर्ज इथेच अडतात. वादळ, हवाई वाहतूक नियंत्रणाचा संप अशा हाताबाहेरच्या गोष्टींसाठी कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. पण नेहमीचा तांत्रिक बिघाड त्यात बसत नाही, असं युरोपच्या न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं आहे. शिवाय कारण सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते. "ऑपरेशनल कारण" एवढंच लिहून आलं तर गप्प बसू नका, नेमकं काय झालं ते पुन्हा विचारा.

भरपाई नाकारली तरी थांबण्याच्या काळातलं जेवण आणि गरज पडल्यास रात्रीचं हॉटेल हा युरोपात तुमचा हक्कच आहे, वादळ असलं तरी. कंपनीने सोय केली नाही तर वाजवी खर्च स्वतः करा आणि प्रत्येक बिल जपून ठेवा.

व्हाउचर पुढे केलं तर घाईत सही करू नका. तुमच्या लेखी संमतीशिवाय पैशांऐवजी व्हाउचर देता येत नाही. आणि विमान रद्द झाल्यावर परतावा घ्यायचा की दुसऱ्या विमानाने जायचं, हे तुम्ही ठरवायचं. दमलेला माणूस पटकन परतावा घेतो आणि मग ऐनवेळचं महागडं तिकीट स्वतःच्या खिशातून काढतो.

घरी आल्यावर बुकिंग क्रमांक, बोर्डिंग पास, लेखी कारण आणि बिलं जोडून आधी कंपनीकडेच अर्ज करा. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर जिथला नियम लागू होतो तिथल्या विमान प्रवासी तक्रार यंत्रणेकडे जा.