ग्वाल्हेरात मुलाला शाळेत घालताना

पुण्या-नागपूरहून बदलीवर आलेले कुटुंब शहरातल्या लष्कर किंवा थाटीपूर या वस्त्यांत घर मिळाले की शाळांच्या चकरा सुरू करते आणि शुल्क, बस व फाटकावरचे कॅमेरे पाहून परतते. इथे २८ वर्षे काढल्यावर माझी आपल्याला विनंती आहे की मुलाच्या शाळेतील सुरक्षेची चौकशी आपण राहतो त्या वाड्यापासून सुरू करावी.

ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याची बंदूक घरात असणे प्रतिष्ठेचे मानले जाते, आणि वरातीतल्या गोळीबाराला, म्हणजे इथल्या भाषेत ‘हर्ष फायर’ला, शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही असूनही ती हौस पुरती सुटलेली नाही. म्हणून घरमालकाकडे किंवा मुलाच्या मित्राच्या घरी शस्त्र आहे का, ते कुलपात असते का आणि काडतुसे वेगळी ठेवतात का, हे अवश्य विचारावे. ‘भाभीजी, बंदूक कहाँ रखते हैं?’ एवढे विचारले तर इथे कोणी रागावत नाही. नवीन असताना मी हे विचारले नाही, आणि माझ्या मुलाने मित्राकडची खुंटीवरची दुनळी हाताळली होती हे मला कित्येक महिन्यांनी कळले.

या प्रश्नाला आधार आहे. अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत १९९९ मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण विभागाने ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला. २००२ च्या अहवालानुसार दोन-तृतीयांशाहून अधिक हल्लेखोरांनी बंदूक आपल्याच किंवा नातेवाइकाच्या घरातून घेतली होती, आणि बहुतेक हल्ल्यांपूर्वी निदान एका व्यक्तीला, बहुधा एखाद्या सोबत्याला, त्यांच्या मनातले ठाऊक होते. आपल्या मध्य प्रदेशातही ६ डिसेंबर २०२४ रोजी छतरपूर जिल्ह्यातील धमोरा येथे प्राचार्यांना शाळेतच गोळी घालण्यात आली, आणि आरोपी बारावीचा विद्यार्थी होता.

त्यामुळे प्रवेश घेताना मुख्याध्यापकांना माझ्या मते सर्वांत आधी हे विचारावे की एखाद्या मुलाने वर्गमित्राची धमकी किंवा दप्तरातला कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, याविषयी सांगितले, तर ते कोण ऐकून घेते आणि सांगणाऱ्याचे नाव गुप्त राहते का. समुपदेशक नेमलेला असल्यास त्यांना प्रत्यक्ष भेटावे. वर्गाचे दार आतून लागते का, हे स्वतः कडी लावून पाहावे; टेक्सासमधील युवाल्डे येथे २०२२ मध्ये १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा हल्लेखोर शिरला ते बाहेरचे दार ओढून घेतलेले होते, परंतु त्याला कुलूप लागलेले नव्हते.

मुलाला १०९८ (मुलांची मदतवाहिनी) आणि ११२ (आपत्कालीन मदत) हे क्रमांक पाठ करून द्यावेत. मित्राविषयी सांगणे म्हणजे चुगली नव्हे, हे त्याला मराठीत, घरच्या भाषेत, निवांत बसवून सांगावे, कारण शाळेत दिवसभर हिंदी बोलणारे मूल मनातली भीती बहुधा घरच्याच भाषेत बोलून दाखवते.