टिकालची माया मंदिरे पाहताना

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशाच्या पेतेन भागात, रानातल्या राष्ट्रीय उद्यानात असलेले टिकाल हे प्राचीन माया लोकांचे शहर पाहायचे असेल, तर मुक्काम फ्लोरेस गावी करावा. तेथून सुमारे ६५ किलोमीटरचे अंतर दीड तासात कापून सकाळी सहाला उद्यान उघडताच आत शिरता येते. नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ बरा, कारण पावसाळ्यात चुनखडीच्या दगडावर शेवाळ धरते आणि चांगल्या बुटांचाही पाय सरकतो. पासपोर्ट, भरपूर पाणी, डासांचे मलम आणि पूर्ण बाह्यांचा सदरा सोबत असावा.

आत गेल्यावर बहुतेक जण थेट मुख्य चौकात जातात. हा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. इ. स. ७४० च्या सुमारास बांधलेले, सुमारे ६५ मीटर उंचीचे चौथे मंदिर (इथली मोठी मंदिरे क्रमांकानेच ओळखतात) पूर्वाभिमुख असल्याने सकाळी आधी तेथे जावे आणि बाजूच्या लाकडी जिन्याने वर चढावे. धुक्यामुळे सूर्योदय पुष्कळदा दिसतच नाही, पण त्याची रुखरुख वाटू नये. पांढऱ्या धुक्यातून इतर मंदिरांचे दगडी तुरे हळूहळू वर येतात आणि खालच्या रानात हाउलर माकडांचा घुमारा सुरू होतो. प्रथम ऐकणाऱ्याला ती वाघाची डरकाळीच वाटते.

या मंदिरांच्या दारांवर चिकूच्या लाकडाच्या तुळया बसवलेल्या होत्या. घोलवड-डहाणूकडे आपण ज्याची फळे खातो तेच हे झाड, मूळचे याच प्रदेशातले. त्याचे लाकूड इतके चिवट, की हजार वर्षांच्या दमट हवेतही कोरीव काम टिकले. चौथ्या मंदिराची एक कोरीव तुळई आज स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या संग्रहालयात आहे.

पहिले मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने मुख्य चौक दुपारनंतर पाहावा. सकाळी त्याचा दर्शनी भाग सावलीत असतो आणि छायाचित्रे काळवंडतात. नऊ टप्प्यांच्या, ४७ मीटर उंच अशा या मंदिराखाली हासाव चान कविल या राजाचे दफन सापडले. त्यावर चढण्यास बंदी आहे, ती पाळावी. समोरच्या दुसऱ्या मंदिरावर मात्र बाजूच्या जिन्याने जाता येते आणि पहिले मंदिर तेथूनच सर्वांत चांगले दिसते. उतरताना कठडा सोडू नये. चौकात पिसोते नावाचे लांब शेपटीचे, रॅकूनच्या कुळातले प्राणी हिंडतात, तेव्हा खाऊची पिशवी जमिनीवर ठेवू नये. उद्यान संध्याकाळी सहाला बंद होते आणि दाट झाडीत अंधार लवकर पडतो, म्हणून पाचच्या आत परतीची वाट धरावी.