मोबाइलच्या पडद्यावर तरंगणारी प्रतिमा: पारदर्शक पिरॅमिड कसा तयार करावा

मोबाइलवर उलटा पिरॅमिड ठेवून हवेत तरंगणारे फुलपाखरू दाखवतात, त्याला सर्रास होलोग्राम म्हटले जाते. पण भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबर यांनी १९४७ मध्ये शोधलेल्या आणि पुढे १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या होलोग्राफीशी, म्हणजे प्रकाशलहरींची नोंद करून वस्तूची त्रिमितीय प्रतिमा उभी करण्याच्या तंत्राशी, त्याचा संबंध नाही. हे निव्वळ परावर्तन आहे. हेन्री डर्क्स यांच्या कल्पनेवरून जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनमध्ये काचेच्या साह्याने रंगमंचावर भूत उभे केले, तीच ही युक्ती.

त्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी, थोडी ताठ पारदर्शक शीट घ्यावी. जाड ॲक्रिलिक टाळावे, कारण त्याच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तन होऊन एकाला एक चिकटलेल्या दोन प्रतिमा दिसतात. सीडीच्या डबीचे प्लॅस्टिक कापताना मला दोनदा तडा गेला, म्हणून तेही मी सुचवणार नाही.

आलेख कागदावर समलंब चौकोन काढावा: वरची बाजू ६ सेंमी, खालची १ सेंमी आणि दोहोंमधील लंब अंतर ३.५ सेंमी. ही मापे मनाने बदलू नयेत. या मापांनीच प्रत्येक बाजू पडद्याशी जवळजवळ ४५ अंशांचा कोन करते आणि पडद्यावरचे आडवे चित्र समोरून पाहणाऱ्याला पिरॅमिडच्या मधोमध ताठ उभे दिसते. लंब अंतर ४ सेंमी झाले, तर कोन ५१ अंशांवर जातो आणि प्रतिमा सुमारे १३ अंशांनी कलते. असे चार तुकडे कटरने कापून तिरप्या कडा एकमेकींना भिडवाव्यात आणि बाहेरून सेलोटेपची अगदी अरुंद पट्टी लावावी. बोटांचे ठसे मऊ कापडाने पुसावेत, कारण अंधारात ते चित्राहूनही ठळक दिसतात.

चित्रफीत पूर्ण काळ्या पार्श्वभूमीची हवी, तिच्यात एकच आकृती चारही दिशांना असावी आणि आकृतीचे पाय मध्याकडे, डोके बाहेर असावे. पिरॅमिडचे लहान तोंड बरोबर मध्यावर ठेवावे. परावर्तनात डावे-उजवे उलटते, त्यामुळे अक्षरे दाखवायची असल्यास ती आधीच आरशातल्यासारखी उलटी करून घ्यावीत.

पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावा, खोलीत अंधार करावा आणि नजर पिरॅमिडच्या पातळीवर आणावी. साध्या प्लॅस्टिकच्या एका पृष्ठभागावरून या कोनात सुमारे ५ टक्केच प्रकाश परततो, म्हणून दिवसा प्रतिमा फिकी पडते. काही मोबाइलवर समोरासमोरच्या दोन बाजू उजळ आणि उरलेल्या दोन मंद दिसतात. हा जोडणीतला दोष नव्हे. पडद्याचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असल्याने तसे होते. अशा वेळी फोन फिरवून उजळ बाजू पाहणाऱ्याकडे करावी.