केबिन गार, पण सुकाणूपाशी भट्टी: उपाय सापडला

खिंडसी तलावावरच्या मोटरबोटीत एसीने केबिन मस्त गार व्हायची, सुकाणूपाशी मात्र नागपूरचा मे महिना. पंख्याने गरम हवाच फिरायची. एसीपासून तीन इंची, वर आवरण नसलेला पाइप टाकला, तर कोमट हवा आणि वर पाणी ठिबकायचं. डोकं फिरलं!

जमलं ते असं: एसी बंद करून ६ इंची मुख्य डक्ट (गार हवा नेणारी नळी) एसीच्या युनिटजवळच कापली, तिथे वाय जोड (एका नळीचे दोन फाटे करणारा Y आकाराचा तुकडा) बसवला. ५ इंची फाटा केबिनला, ४ इंची सुकाणूला. डक्ट इन्सुलेशनवालीच (उष्णता अडवणारं आवरण असलेली) घ्या, डॅशबोर्डखालची पोकळी भयंकर तापते. ती ताणून दर दीड फुटाला पट्ट्याने बांधली. झोळ राहिला की हवा अडते. सांध्यांना ॲल्युमिनियम टेप. हवा बाहेर पडते ती जाळी चालकाच्या छातीकडे वळवली.

बाजू उघड्या असतील तर आधी पारदर्शक पडदे लावा, नाहीतर गारवा तळ्याला.