ब्रेड मशिनमधला लो-कार्ब ब्रेड बसतोय? या चुका टाळा

ब्रेड मशिनला पीठ दिसत नाही, ते घड्याळावर चालतं. मैद्यासाठी ठरवलेल्या वेळा लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांच्या पिठाला लावल्या की ब्रेड मधोमध खचतो, नाहीतर वीट होऊन बाहेर येतो. त्यात नागपूरचा मे महिना असेल तर विचारूच नका.

पण पहिली चूक मशिनचं बटण दाबायच्या आधीच झालेली असते. ज्वारी, नाचणी, ओट्स घातले म्हणजे ब्रेड लो-कार्ब झाला, असं अनेकजण धरून चालतात. ही धान्यं चांगलीच आहेत, पण १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं ७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळपास गव्हाइतकीच. या ब्रेडला लागतं बदामाचं पीठ, जवस आणि ग्लूटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) पावडर. १०० ग्रॅम जवसात कर्बोदकं २९ ग्रॅम दिसतात, पण त्यातले सुमारे २७ ग्रॅम न पचणारे तंतू. शिवाय जवस आपल्या विदर्भातलंच, नागपुरात इतवारी बाजारात सहज मिळतं. फक्त चटणीच्या डब्यातलं तिखट-मिठाचं घेऊ नका! बदाम मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, सलग फिरवले तर तेल सुटून गोळा होतो.

बदामाच्या पिठात ग्लूटेन नसतं, त्यामुळे यीस्टने केलेला वायू धरून ठेवायला काहीच नसतं. ग्लूटेन पावडर घालायची नसेल (सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा आजार असलेल्यांनी घालूच नये) तर यीस्टच्या नादी न लागता अंडी, बेकिंग पावडर आणि केकचा प्रोग्राम वापरा. ग्लूटेन घालणार असाल तर 'बेसिक' टाळून लहान प्रोग्राम निवडा. लांब प्रोग्राममध्ये मशिन फुगलेलं पीठ पुन्हा पुन्हा खाली दाबतं. मैदा त्यातून सावरतो, जवस-बदामाचं जड पीठ सावरत नाही.

साखर अजिबात नको म्हणून एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) घातलं तर यीस्ट उपाशी राहतं, ते त्याला पचत नाही. चमचाभर साखर घाला, बरीचशी यीस्टच संपवतं.

मळणी सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं झाकण उघडून बघायला हरकत नाही. उघडायचं नाही ते फुगताना आणि भाजताना. जवस आणि (घातलं असेल तर) इसबगोल पाणी सावकाश पितात, म्हणून सुरुवातीचं पीठ चिखलासारखं दिसतं. लगेच कोरडं पीठ ओतू नका. पाचेक मिनिटांनी गोळा भांड्याच्या कडा पुसत फिरायला हवा, बोट लावलं तर किंचित चिकटावं, पण बोटाला लागून येऊ नये. पातं अडखळत असेल तर एकेक चमचा पाणी घाला. इथे हात सैल सोडला की आतून चिकट, ओलसर ब्रेड ठरलेला.

आता उन्हाळा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला हात लावू देत नाही. तेच पाणी मशिनमध्ये गेलं तर पीठ वेळेआधी फुगतं आणि भाजणी सुरू होईपर्यंत बसतं. वरून खड्डा पडलेला ब्रेड दिसला की आधी पाण्यावर संशय घ्या. माठातलं पाणी वापरा, यीस्ट पाव हिश्शाने कमी करा आणि ब्रेड पहाटे लावा. कूलरच्या झोतात मशिन ठेवू नका. यीस्टचं उघडं पाकीट आणि बदामाचं पीठ फ्रिजमध्येच बरं. डिसेंबर-जानेवारीत उलट, पाणी कोमट घ्या.

अंड्याचं मिश्रण रात्री टायमर लावून ठेवणं उन्हाळ्यात तर नकोच. वादळात लाईट गेली आणि मशिन मधेच थांबलं, तर आधी वाट पाहा. काही मशिन थोड्या वेळापुरतं जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतात. नाहीच झालं तर फुगलेलं पीठ तसंच ठेवून फक्त 'बेक' चालवा.

ब्रेड झाल्यावर भांड्यात राहू दिला तर वाफ धरून बूड ओलं होतं. लगेच काढा, जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, मगच सुरी लावा. आतून जांभळट रंग दिसला तर घाबरू नका, काही इसबगोलांमुळे तसं होतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रोजची पोळी सोडून या ब्रेडवर यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, डोस बदलावा लागू शकतो.